इंग्रजीच्या शिक्षणात चित्रकथांचे स्थान

इंग्रजी ही परकीय भाषा आहे, हे विधान मुंबई-पुण्याच्या माणसाला कदाचित पटणार नाही. तेथे दुकानाच्या पाटीपासून घरातल्या बोलण्यापर्यंत ही भाषा सतत कानावर पडत असते. भाषाशिक्षणाच्या शास्त्रात मात्र एक उपयुक्त भेद केला जातो. जी भाषा वर्गाबाहेरही वापरात आढळते ती द्वितीय भाषा, आणि जी केवळ वर्गातच भेटते ती परकीय भाषा. या कसोटीवर पाहिले असता मुलचेरा तालुक्यातील विद्यार्थ्याला इंग्रजी ही जपानी किंवा जर्मनइतकीच परकीय ठरते. चाळीस मिनिटांचा तास संपला की ती भाषाही संपते. दुसऱ्या दिवशी तास लागेपर्यंत तिची गाठ पडत नाही.

आपल्याकडे प्रश्न याहूनही गुंतागुंतीचा आहे. या तालुक्यात कोणाच्या घरी माडिया किंवा गोंडी बोलली जाते, कोणाकडे तेलुगू, तर १९६० च्या दशकापासून पूर्व पाकिस्तानातून येऊन येथे वसलेल्या कुटुंबांत बंगाली. आपल्या समाजाच्या घरांतून जी मराठी बोलली जाते तीही पुस्तकातली नव्हे. तिच्यावर झाडीबोलीचा रंग आहे. अशा वर्गात इंग्रजीचा धडा कसा शिकविला जातो? गुरुजी एक वाक्य वाचतात, त्याचा मराठी अर्थ सांगतात आणि मुले तो अर्थ पेन्सिलने शब्दाच्या डोक्यावर लिहून घेतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ करावयाचे ते हेच. ज्याच्या घरी मराठी नाही, त्या मुलाला एका भिंतीपलीकडचे पाहण्यासाठी आधी दुसरी भिंत चढावी लागते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी सुरू झाले. पूर्वी ते पाचवीपासून होते. वर्षे वाढली, परंतु शब्दाच्या डोक्यावर अर्थ लिहिण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी तीच राहिली. दहावीला मूल इंग्रजीत अडले की पालक म्हणतात, त्याचे डोकेच नाही. डोके असते. त्या डोक्यापर्यंत भाषा पोचविणारा रस्ता धड नसतो.

या रस्त्याच्या कामी चित्रकथा, म्हणजे ज्याला आपण सर्रास कॉमिक्स म्हणतो ती, कितपत उपयोगी पडू शकते याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. चित्र पाहणाऱ्याला ते विचारीत नाही की, बाबा, तुझ्या घरी कोणती भाषा बोलतात? धावणारा मुलगा माडिया घरातही धावताना दिसतो आणि बंगाली घरातही. त्याच्या तोंडाशी काढलेल्या फुग्यात ‘वेट! वेट!’ असे लिहिले असेल आणि समोर सुटलेली बस दाखविली असेल, तर ‘वेट’ म्हणजे ‘थांबा’ हे सांगण्यासाठी मराठीची मध्यस्थी लागत नाही. शब्द थेट प्रसंगाला जाऊन चिकटतो.

याचा पडताळा आम्हा बँकेतल्या लोकांना रोज येतो. अक्षरओळख जेमतेम असलेली माणसेही पैसे काढावयाची स्लिप आणि पैसे भरावयाची स्लिप यांत सहसा गल्लत करीत नाहीत. रंग, आकार आणि रकाना कोठे आहे यावरून ती ओळखतात. आणि काही महिन्यांनी त्यातल्याच एखाद्या आजीबाई ‘विड्रॉल द्या’ असे स्पष्ट म्हणतात. आधी नजरेची ओळख झाली, मागाहून शब्द आला.

ही कल्पना नवीन नाही. मोरावियातील थोर शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस याने १६५८ साली ‘ऑर्बिस पिक्टस’ नावाचे पुस्तक न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध केले. मुलांना लॅटिन ही तेव्हाची विद्येची भाषा शिकविण्यासाठी ते होते. वर चित्र, चित्रातील वस्तूंना आकडे, आणि खाली त्याच आकड्यांनुसार लॅटिन व जर्मन वाक्ये. लॅटिन ही त्या मुलांना घरी-दारी कोठेच ऐकू न येणारी भाषा होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. म्हणजे त्यांची अडचण आपल्या मुलांसारखीच होती. पुढे १९४० च्या दशकात आय. ए. रिचर्ड्स आणि क्रिस्टीन गिब्सन यांनी काडीच्या माणसांची साधी चित्रे काढून ‘इंग्लिश थ्रू पिक्चर्स’ हे पुस्तक तयार केले. त्यात दुसऱ्या कोणत्याही भाषेची मदत न घेता इंग्रजी शिकविण्याचा प्रयत्न आहे.

तथापि कोमेनियसचे चित्र स्थिर आहे. त्यात वस्तू आहेत, गोष्ट नाही. चित्रकथेत एका चौकटीनंतर दुसरी चौकट येते आणि ‘पुढे काय झाले?’ ही उत्सुकता वाचकाला ओढून नेते. शिवाय फुग्यातली भाषा ही बोलण्याची भाषा असते. आपले विद्यार्थी ‘द काऊ इज अ युजफुल अ‍ॅनिमल’ असे वाक्य घडाघडा म्हणतात, पण पाणी कोणाला कसे मागावे हे त्यांना सांगता येत नाही. निबंधाची भाषा आणि माणसामाणसांतली भाषा यांत अंतर असते, आणि चित्रकथेत दुसरी भेटते. कोण कोणाशी बोलतो आहे, रागाने की लाडाने, हे चेहऱ्यावर दिसत असते. ‘कम हिअर’ हेच दोन शब्द आई म्हणते तेव्हा वेगळे आणि पोलीस म्हणतो तेव्हा वेगळे. ही गोष्ट कोणत्याही शब्दकोशात लिहिलेली सापडत नाही.

कॉमिक्सविषयी शिक्षकांच्या व पालकांच्या मनात अढी असते, आणि ती जगभर होती. अमेरिकेत १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे प्रतिपादन करणारे पुस्तक लिहिले, त्यावर मोठा गदारोळ झाला आणि प्रकाशकांना स्वतःवर नियमावली घालून घ्यावी लागली. त्याच देशात १९९३ साली भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी ‘द पॉवर ऑफ रीडिंग’ या पुस्तकात नेमकी उलट बाजू मांडली. मुले आवडीने जे वाचतात त्यातूनच भाषा येते, आणि कॉमिक्स ही जड वाचनाकडे जाणारी पायरी ठरते, असे त्यांचे म्हणणे. १९९५ च्या सुमारास न्यूयॉर्क विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविणारे नील विल्यम्स यांनी तर ‘कॅल्विन अँड हॉब्ज’ या वृत्तपत्रीय चित्रमालिकेचाच पाठ्यपुस्तकासारखा वापर केला.

आपल्याकडील कथा अधिक परिचयाची आहे. अनंत पै यांनी १९६७ साली अमर चित्रकथा सुरू केली. दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणातली उत्तरे आली, पण रामाच्या आईचे नाव आले नाही, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगितले जाते. १९८० साली त्यांनीच ‘टिंकल’ हे मासिक काढले. त्याआधी १९६४ पासून टाइम्स समूहाच्या इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ आणि जादूगार मँड्रेक घरोघरी पोचले होते. ती मालिका १९९० साली बंद पडली. आमच्या पिढीने ही पुस्तके बसस्टँडवरून भाड्याने आणून वाचली. परंतु आम्ही ती मराठीत वाचली. तीच पुस्तके इंग्रजीतही निघत होती आणि ती भाषा शिकण्याचे साधन होऊ शकतात, हे आम्हाला कोणी सांगितले नाही.

आता यातले कोणते कोणाच्या उपयोगाचे? माझ्या मते सुरुवात अमर चित्रकथेपासून करू नये. त्यातील इंग्रजी राजेमहाराजांच्या तोंडी शोभेल असे भारदस्त असते. ‘टिंकल’ची भाषा त्यामानाने सोपी आणि गोष्टी दोन-चार पानांच्या. त्यातला सुप्पंडी तर भाषाशिक्षकासाठी देणगीच म्हणावी लागेल. तमिळ लोककथेवरून आलेले हे पात्र प्रथम राम वाईरकर यांनी रेखाटले. सुप्पंडीचा विनोद असा की, मालकाने सांगितलेल्या शब्दाचा तो अगदी अक्षरशः अर्थ घेतो. म्हणजे हसू येण्यासाठी वाक्याचे दोन्ही अर्थ कळावे लागतात. ज्याला हसू आले त्याला वाक्य कळले, वेगळी परीक्षा घ्यावयास नको. वसंत हळबे यांनी रेखाटलेला शिकारी शंभूही असाच. भित्रा शिकारी वाघाला पाहून कसा पळतो, हे आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना समजावून सांगण्याची गरज नाही. उलट वाघाबाबत तीच शंभूला चार गोष्टी शिकवू शकतील, आणि त्या इंग्रजीत शिकवावयास सांगाव्यात.

परंतु पुस्तक विकत आणले आणि मुलांच्या हाती दिले म्हणजे काम झाले, असे नाही. मुले चित्रे पाहतात, गोष्ट समजून घेतात आणि शब्दांकडे ढुंकूनही न पाहता पुस्तक परत करतात. म्हणून वर्गात त्याचा वापर कसा करावा हे जरा विस्ताराने सांगतो. त्यासाठी विकतचे पुस्तकही लागत नाही. फळा आणि खडू पुरेसा आहे, आणि चित्रकला येत नसली तरी काडीची माणसे कोणालाही काढता येतात.

चार चौकटी काढा. पहिल्या चौकटीत एक मुलगा दप्तर उपसतो आहे. फुग्यात ‘व्हेअर इज माय नोटबुक?’ दुसरीत त्याची बहीण दाराकडे बोट दाखविते. ‘आस्क द गोट.’ तिसऱ्या चौकटीत शब्द नाही, फक्त शेळी, आणि तिच्या तोंडातून लोंबणारा कागद. चौथीत वर्ग. गुरुजी विचारतात, ‘डिड यू फिनिश युअर होमवर्क?’ मुलगा उत्तर देतो, ‘नो, सर. द गोट फिनिश्ड इट.’

या चार चौकटींवर किमान तीन तास काम होऊ शकते. पहिल्या दिवशी फुगे रिकामे ठेवा आणि मुलांनाच विचारा की कोण काय म्हणत असेल. ती माडियात सांगोत, बंगालीत सांगोत, मराठीत सांगोत, हरकत नाही. प्रसंग त्यांच्या मनात पक्का बसला की मग इंग्रजी वाक्ये फुग्यांत भरा. आता अर्थ सांगावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी दोन मुले व एक मुलगी उभी करून संवाद म्हणवून घ्या. शेळीचे काम करावयास सर्वांत जास्त हात वर होतात. शेवटची चौकट पुसून निराळा शेवट विचारा. किंवा चार चौकटी चार कागदांवर काढून त्या विस्कटून द्या आणि क्रम लावावयास सांगा. क्रम लावताना ‘फर्स्ट’, ‘देन’, ‘आफ्टर दॅट’ हे शब्द आपोआप वापरावे लागतात, एरवी जे शिकविताना घाम फुटतो.

तिसरा दिवस नववी-दहावीच्या मुलांसाठी. व्याकरणातील ज्या प्रकरणाची विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त धास्ती वाटते ते म्हणजे प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथन करणे. आपण त्याचे नियम पाठ करवून घेतो: वर्तमानकाळाचा भूतकाळ करा, सर्वनाम बदला, अवतरणचिन्हे काढा. असे का करावयाचे, हे मुलाला कळत नाही. चित्रकथेची रचना पाहिली तर ते क्षणात कळते. फुग्यातील शब्द हे त्या माणसाच्या तोंडचे, त्या क्षणाचे. चौकटीच्या वरच्या पट्टीत लिहिलेले शब्द हे गोष्ट सांगणाऱ्याचे, आणि ते बहुधा भूतकाळात असतात, कारण त्याच्या दृष्टीने ती घडून गेलेली गोष्ट आहे. फुग्यातले वाक्य उचलून वरच्या पट्टीत नेऊन ठेवावयाचे, हेच अप्रत्यक्ष कथन. गुरुजींचा फुगा पुसा आणि वरच्या पट्टीत लिहा: ‘द टीचर आस्क्ड हिम व्हेदर ही हॅड फिनिश्ड हिज होमवर्क.’ तोंड बदलले म्हणून ‘यू’चा ‘ही’ झाला, वेळ बदलली म्हणून क्रियापद एक पाऊल मागे गेले. नियम तोच, पण आता तो डोळ्यांसमोर घडला.

शब्द मुळीच नसलेली चित्रेही बोलते करण्यास फार चांगली. शि. द. फडणीस यांची हास्यचित्रे महाराष्ट्राला सुपरिचित आहेत. ‘मोहिनी’ मासिकाचे त्यांचे ते मुखपृष्ठ आठवा, ज्यात एकाच्या कपड्यांवर उंदीर आहेत आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर मांजर. एकही शब्द नाही. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतील त्यांची चित्रे पाहून तर एका अख्ख्या पिढीची गणिताची भीती कमी झाली. असे एखादे चित्र समोर ठेवून ‘व्हॉट डू यू सी?’ एवढेच विचारावे. उत्तर चुकीचे येण्याची भीती नसते, कारण छापील उत्तरच नसते.

आता अडचणी. पहिली अडचण अगदी क्षुल्लक वाटेल, पण वर्गात तीच आधी भेटते. बहुतेक इंग्रजी कॉमिक्समधील मजकूर संपूर्णपणे मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटल अक्षरांत लिहिलेला असतो. आपली मुले मात्र वाचनाचा सराव लहान लिपीत करतात. ओळखीचा शब्दही त्यांना अनोळखी वाटू लागतो, कारण लहान लिपीत काही अक्षरे वर जातात, काही खाली लोंबतात, त्यामुळे शब्दाला एक आकार येतो. कॅपिटलमध्ये सगळे शब्द विटांसारखे सारखे दिसतात. शिवाय विशेषनाम ओळखू येत नाही. पुस्तकात पहिले अक्षर मोठे दिसले की ते नाव आहे हे कळते. येथे सर्वच मोठे, मग मूल माणसाचे नावही शब्दकोशात शोधत बसते. म्हणून गोष्ट सुरू करण्यापूर्वी त्यातील पात्रांची आणि गावांची नावे फळ्यावर लिहून द्यावीत. एक फायदाही आहे: लहान लिपीतील ‘बी’ आणि ‘डी’ यांचा जो गोंधळ कित्येक मुलांचा वर्षानुवर्षे होतो, तो मोठ्या लिपीत होत नाही.

दुसरी अडचण जोडरूपांची. ‘आय अ‍ॅम’चे ‘आयम’, ‘डू नॉट’चे ‘डोन्ट’, आणि अमेरिकन कॉमिक्समध्ये ‘गोइंग टू’चे ‘गॉना’. बोलण्याची भाषा म्हटल्यावर हे यावयाचेच. पहिली दोन रूपे शिकवावीत, तिसरे समजून घ्यावे पण उत्तरपत्रिकेत लिहू नये. आवाजाच्या शब्दांत मात्र मौज आहे. आपला कुत्रा भो-भो करतो, त्यांचा ‘वूफ’ करतो. आपला कोंबडा कुकूचकू आरवतो, त्यांचा ‘कॉक-अ-डूडल-डू’. कोंबडा एकच, कान निराळे. परकी भाषा म्हणजे काय, हे पहिलीच्या मुलालाही यावरून कळते.

तिसरी गोष्ट म्हणजे चित्राची मर्यादा. ‘रन’, ‘ईट’, ‘अँग्री’ हे चित्रात दाखविता येते. ‘बिकॉज’, ‘ऑल्दो’, ‘ऑनेस्टी’ हे दाखविता येत नाही, आणि वरच्या वर्गांतली भाषा अशाच शब्दांवर उभी असते. तेथे चित्रकथेने वाट सोडावी आणि शिक्षकाने पुढे व्हावे. चित्रकथा हे साधन आहे, अभ्यासक्रम नव्हे. दोन-तीन आठवड्यांतून एखादा तास त्यासाठी पुरे.

चौथी गोष्ट अधिक गंभीर असून ती आपल्या भागात विशेष ध्यानात घ्यावी लागेल. जुन्या कॉमिक्समधील जंगल आणि जंगलातली माणसे कशी रंगविली आहेत ते तपासून पाहा. वेताळाच्या गोष्टीत एक गोरा पुरुष पिढ्यान्पिढ्या जंगलाचा रक्षक असतो आणि तेथील मूळ रहिवासी भाले घेऊन त्याच्या पाया पडतात. अमर चित्रकथेतही देव आणि राजे गोरे, तर असुर काळे, असे चित्रण पुष्कळ ठिकाणी आहे आणि त्यावर अभ्यासकांनी टीकाही केली आहे. ज्या वर्गात माडिया आणि गोंड मुले बसली आहेत, त्या वर्गात असे पान उघडल्यास मूल इंग्रजीचे चार शब्द शिकेल आणि त्याबरोबर स्वतःविषयी एक खोटी गोष्टही शिकेल. तेव्हा पुस्तक आधी शिक्षकाने शेवटपर्यंत वाचावे. मोठ्या मुलांसमोर तेच पान मुद्दाम ठेवून ‘इज धिस ट्रू?’ असे विचारता येईल. जंगलात राहणाऱ्या मुलाजवळ या प्रश्नाचे उत्तर असते, आणि ते सांगण्याची उर्मीही असते.

ज्यांच्या घरी बंगाली आहे त्यांच्यासाठी एक निराळी सोय उपलब्ध आहे. बंगालीत चित्रकथेची परंपरा भक्कम. नारायण देबनाथ यांचे ‘हांदा भोंदा’ १९६२ पासून आणि ‘बांटुल द ग्रेट’ १९६५ पासून मुलांच्या परिचयाचे. बेल्जियमच्या एर्जे यांनी १९२९ साली फ्रेंचमध्ये सुरू केलेला टिनटिन १९७० च्या दशकात ‘आनंदमेला’मधून बंगालीत आला. टिनटिनच्या कुत्र्याचे मूळ नाव मिलू. इंग्रजीत तो स्नोई झाला आणि बंगालीत कुट्टुस. ज्या मुलाच्या आजोबांनी कुट्टुस वाचला आहे, त्याच्या हाती स्नोईचे पुस्तक द्यावे. अर्धे काम आजोबा करतील. मराठी घरांसाठी हाच उपाय अमर चित्रकथेबाबत करता येतो, कारण तिची अनेक पुस्तके मराठीतही निघालेली आहेत. एकाच पुस्तकाची मराठी व इंग्रजी प्रत घ्यावी. आधी मराठी प्रत पूर्ण वाचून ती कपाटात ठेवावी आणि मगच इंग्रजी उघडावी. दोन्ही शेजारी ठेवल्या तर डोळा सोप्या बाजूला पळतो. चित्रे तीच, त्यामुळे मराठी वाक्य स्मरणात येते, पण समोर दिसते ते इंग्रजी.

ओळखीच्या गोष्टीचे हे तत्त्व लागू करावयाचे झाल्यास आपल्या विद्यार्थ्यांना सर्वांत ओळखीची गोष्ट कोणती? बाबासाहेबांचे चरित्र. आपल्या घरातील मुलाला ते गाण्यांतून, भाषणांतून, आजीच्या तोंडून माहीत असते. अमर चित्रकथेने १९७९ साली ‘बाबासाहेब आंबेडकर’ हे पुस्तक इंग्रजीत काढले. त्याची संहिता सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल राहिलेले एस. एस. रेगे यांची आणि चित्रे दिलीप कदम यांची. बत्तीस पानांच्या त्या पुस्तकातला कोणताही प्रसंग आपल्या मुलाला नवीन नाही, म्हणूनच त्यातील इंग्रजी त्याला झेपते. मजकूर भारदस्त असेल तरी येथे तो अडत नाही; पुढच्या चौकटीत काय होणार हे त्याला आधीच माहीत असते. बुद्ध, अशोक आणि जातककथा यांवरचीही पुस्तके याच मालिकेत आहेत. जपानचे ओसामु तेझुका यांची ‘बुद्ध’ ही विस्तृत चित्रकथा इंग्रजी अनुवादात मिळते, पण तीत काल्पनिक पात्रे पुष्कळ असल्याने चरित्र म्हणून ती वाचू नये.

वरच्या वर्गांसाठी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी २०११ साली नवयान प्रकाशनाने काढलेले ‘भीमायन’ हे इंग्रजी पुस्तक आवर्जून पाहण्यासारखे आहे. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, आणि चित्रे दुर्गाबाई व्याम व सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची. परधान आपल्या जिल्ह्यांतही आहेत. या चित्रकारांनी ठरावीक चौकटी नाकारल्या आणि भिंतीवर व अंगणात काढतात त्या दिग्ना नक्षीने पान विभागले. आगगाडी त्यांनी सापासारखी काढली. भाषेच्या दृष्टीने विशेष म्हणजे फुगे. प्रेमळ बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, जातीचे विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी, आणि मनातल्या विचाराच्या फुग्याला डोळा. वाक्याचा एकही शब्द वाचण्यापूर्वी त्या वाक्याची जात कळते, आणि मग वाचताना आवाज आपोआप तसा लागतो. मात्र चौकटी नसल्याने वाचनाचा क्रम शोधावा लागतो. नवशिक्याला ते जड जाईल.

या पुस्तकातील पाणी, निवारा आणि प्रवास या तीन भागांचा आधार मुख्यतः बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजीत लिहिलेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्याशा आत्मकथनात आहे. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन व भाषणांच्या बाराव्या खंडात ते समाविष्ट आहे. बाबासाहेबांचे बहुतांश ग्रंथलेखन इंग्रजीत आहे आणि आपण ते आजवर अनुवादातून वाचत आलो. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ मूळातून वाचणे ही पुढची मजल झाली. परंतु ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ची वाक्ये साधी आहेत, आणि मसूर स्टेशनावर उतरलेल्या त्या मुलांना गाडीवान का मिळेना, हे आपल्या विद्यार्थ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. आधी ‘भीमायन’मधील पाणी या भागातला हा प्रसंग चित्रांसह, आणि लगेच त्याच प्रसंगाची मूळ पाने चित्रांवाचून, असा क्रम ठेवल्यास दहावी उत्तीर्ण मुलाला ती पाने वाचता येऊ नयेत असे मला वाटत नाही.

पुस्तके मिळण्याचा प्रश्न मुलचेऱ्यात अवघड आहे खरा. मोबाईलवर बरेच काही मिळते म्हणतात, पण आपल्याकडे रेंज कधी असते आणि कधी नसते, आणि एका मोबाईलभोवती वर्ग बसविता येत नाही. दरवर्षी ऑक्टोबरात चंद्रपूरच्या आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांची शेकडो दुकाने लागतात व आपल्यापैकी बहुतेकजण तेथे जातात. येताना कॅलेंडर आणि मूर्तीबरोबर टिंकलचे दोन-तीन जुने अंक व वर सांगितलेल्या पुस्तकांपैकी एखादे आणले तर विहारातील कपाटात त्याची भर पडेल. रविवारच्या वर्गासाठी एका पुस्तकाच्या चार प्रती असाव्यात. एका प्रतीभोवती पाचांहून जास्त मुले बसली की मागच्याला फुगा दिसत नाही.